छोटी शाळा, मोठी शाळा

विनुताच्या नव्या नोकरीचा — खरं तर होऊ घातलेल्या नोकरीचा — पहिला पेशंट दारातच कोसळला.

कबड्डीत गुडघा फुटलेली एक मुलगी लंगडत आत येत होती. तिला आधार द्यायला पी.टी.चे मास्तर सोबत होते. मुलगी नीट उभी होती. मास्तरांनी मात्र गुडघ्यावरून ओघळणारं रक्त एकदाच पाहिलं, ‘अय्यो’ म्हणाले आणि उंबऱ्यावर आडवे झाले. शेवटी विनुता आणि ती जखमी मुलगी अशा दोघींनी मिळून त्यांना ओढत खाटेवर आणलं.

“देह हत्तीचा, जीव चिमणीचा,” त्यांच्या पायांखाली उशी सरकवताना विनुता मराठीत पुटपुटली. तमिळनाडूतल्या पापनाशमच्या शाळेत मराठी कोणाला कळणार होती?

“हत्तीला ऐकू येतं,” डोळे न उघडताच मास्तर म्हणाले. मराठीतच.

विनुताच्या हातातला कापूस खाली पडला. मराठी — आणि तीही अगदी तिच्या घरातल्यासारखी, जुनी, तमिळ हेल घेतलेली. मास्तरांचं नाव सुरेंद्र. राहायला तंजावूरलाच, तिच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. इतकी वर्षं ही दोन माणसं एकाच दुकानातून कॉफीची पूड आणत होती आणि भेटली ती अशी… एक आडवा, एक उभी.

तिरुचीच्या इस्पितळातल्या रात्रपाळ्यांना कंटाळून विनुता घरी परतली होती. तिला दोन शाळांनी नर्स म्हणून बोलावलं होतं. एक तंजावूरची, घराजवळची, बालवाडी ते पाचवीची. दुसरी ही पापनाशमची, मुलींची, नववी ते बारावीची. दोन्हीकडे एकेक आठवडा काम करून बघायचं आणि मग ठरवायचं. तिच्या आईच्या, राजलक्ष्मीच्या मते त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. चालत जाता येणारी नोकरी सोडून बसचे धक्के खायला कोण जाईल?

मोठ्यांच्या शाळेत दुखणी वेळापत्रक बघून यायची. गणिताची परीक्षा असली की अर्ध्या वर्गाचं पोट दुखे आणि घंटा झाली की आपोआप बरं होई. सुरेंद्रही रोज कुणाला तरी घेऊन यायचा — आता चेहरा भिंतीकडे वळवून. एकदा तर त्यानं एका धडधाकट मुलीला आणलं आणि हिला काय होतंय हे विचारल्यावर स्वतःच गोंधळला. मुलगी मात्र तोंड दाबून हसत होती.

संध्याकाळी दोघं कालव्याकाठच्या रस्त्यानं बसथांब्यापर्यंत चालत जायची. भाताच्या शेतांवरून ओला वारा यायचा. सुरेंद्र तिच्या बाजूनं चालायचा, पण मध्ये एक सायकल जाईल एवढी जागा ठेवून. बसमध्ये ती पुढे बायकांत बसे, तो मागे उभा राही. तिनं मान वळवली की तो खिडकीबाहेर बघे… आणि ती पुढे बघू लागली की मानेला कळे, तो आता खिडकीबाहेर बघत नाही.

त्याच आठवड्यात बारावीतली हरिणी रोज तिसऱ्या तासाला डोकं धरून यायची. गोळी नको म्हणायची, नुसती पडून राहायची. चौथ्या दिवशी विनुतानं विचारणं सोडलं आणि शेजारी बसून नुसता तिचा हात हातात घेतला. तेव्हा ती रडायलाच लागली. तिला हृदयविकार झाला होता. फोनवर वाचून तिनं स्वतःच तो ठरवला होता. छाती धडधडते, हात कापतात… घरी सांगितलं तर परीक्षेला बसू देणार नाहीत, म्हणून ती एकटीच मरायच्या तयारीत होती. विनुतानं नाडी पाहिली, छाती तपासली आणि मग खोदून खोदून विचारलं. पहाटेपासून अभ्यास, त्यावर तीन कडक कॉफ्या आणि पोटात इडलीचा तुकडासुद्धा नाही. तरी ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडून खात्री करून घेतली. हृदय ठणठणीत होतं. दुसऱ्या दिवशी हरिणी चार इडल्या खाऊन आली आणि ते सांगायलाच खास येऊन गेली.

पुढचा आठवडा छोट्यांच्या शाळेत गेला. तिथं सगळाच उघडा कारभार. एकाला खरचटलं म्हणून पट्टी लावली, तर मागोमाग अख्खा वर्ग रांगेत उभा, न दुखणारे गुडघे पुढे करून. दिव्यश्री नावाची चिमुरडी बाहुलीला ताप आलाय म्हणून आली आणि बाहुलीचं तापमान घेतल्याशिवाय हलेना. विनुता दिवसभर हसायची. मात्र संध्याकाळी घरी जाताना रस्ता फारच लवकर संपायचा.

शनिवारी छोट्यांच्या शाळेच्या फाटकाशी सुरेंद्र उभा. मनगट दुखतंय म्हणाला. विनुतानं मनगट धरून इकडेतिकडे वळवलं.

“कोठे दुखतं?”

“आता नाही.”

तिनं हात सोडला, जरा उशिराच. मग काय ठरवू ते सांगा, म्हणून त्याला विचारलं. सुरेंद्र चपलेनं माती उकरू लागला.

“माझं मत घेऊ नका,” तो म्हणाला. “तुम्ही पापनाशमला यावं असं मजला फार वाटतं… म्हणून माझं मत कामाचं नाही.”

एवढं बोलून तो जो वळला, तो मागे न बघता गेला.

विनुताला आनंद झाला आणि रागही आला. आता पापनाशम घेतलं तर ते शाळेसाठी की ह्याच्यासाठी? रात्री जेवताना तिनं मनात एक प्रयोग केला. समजा, सुरेंद्रची मदुराईला बदली झाली. मग पापनाशमला जाशील? तिला हरिणीचे थंडगार हात आठवले. छोट्यांचं दुखणं गळा काढून रडतं. ते कुठल्याही नर्सला सापडेल. मोठ्यांचं लपून बसतं, ते शोधायला कुणीतरी हवं. जाईन, तिनं उत्तर दिलं. बदली होवो न होवो.

मग ती मदुराई पुन्हा मनात आली… आणि हातातला घास तिनं परत ताटात ठेवला.

राजलक्ष्मी बघत होती. थोड्या वेळानं तिनं ताटात रसम वाढलं आणि शांतपणे विचारलं, “मुलगा कोणाचा?”

सोमवारी सकाळी तंजावूरच्या बसथांब्यावर सुरेंद्र तिला पाहून आधी हसला, मग एकदम गंभीर झाला.

“माझ्यामुळे तर नाही ना?” त्यानं विचारलं.

“नोकरी मी पोरींसाठी घेतली,” विनुता म्हणाली. “तुमचा त्यात काही संबंध नाही.”

“बरं,” तो म्हणाला. चेहरा अगदीच उतरला.

बस आली. विनुता पायरीवर चढली, दांडा धरून मागे वळली.

“तुमचा विचार मी वेगळा केलाय. शाळेच्या वेळेबाहेर.”

“आणि… काय ठरलं?”

“रविवारी घरी या,” ती म्हणाली. “अम्मानं कॉफीला बोलावलंय.”

कंडक्टरनं शिट्टी फुंकली. बस हलली. सुरेंद्र मात्र थांब्यावरच उभा होता… हसत. त्याला त्याच बसनं जायचं होतं, हे त्याला बस वळणावर गेल्यावर आठवलं.