कानातली गाळणी

विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या तोंडातला शब्द बदलायचा, हे वागणं भागीरथी राऊळला पटणारं नव्हतं. मग बदलणारी डॉक्टर अनुप्रिता खोत असो नाहीतर साक्षात ब्रह्मदेव. पण २०६१ साली वेंगुर्ल्याच्या त्या काजू कारखान्यात शब्दगाळणीशिवाय कोणाला आत पाऊल टाकता येत नसे.

शब्दगाळणी म्हणजे कानात बसवायचा मणी. यंत्रांच्या गोंगाटात माणसं एकमेकांना त्यातूनच ऐकत. बोलणाऱ्याचा आवाज तोच, टोचणारा शब्द मात्र वाटेतच बदललेला. पुरुष ओरडला की खमका, बाई ओरडली की कजाग, हा भेद गाळणी बनवणाऱ्या अनुप्रिताला मोडायचा होता. सहा महिन्यांत भागीरथी सगळ्यांच्या कानी खमकी झाली, आणि कारखान्यात पहिल्यांदाच एक बाई पाळीप्रमुख झाली.

मंगळवारी तिच्या पाळीतल्या चंद्रकलेनं वाफ उतरायच्या आत काजूच्या टाकीच्या झाकणाला हात घातला. भागीरथी ओरडली, "मेले, हात काढ!"

चंद्रकलेच्या कानात आलं, "ताई, जमल्यास हात जरा मागे घ्याल का?"

त्या शेडमध्ये इतकं गोड कोणी बोललं तर ती थट्टाच असायची. चंद्रकला हसली. झाकण उघडताच कोपरापर्यंत भाजली.

यंत्रं बंद झाली. कानात काय आलं ते चंद्रकलेकडून कळताच भागीरथी तडक अनुप्रिताच्या खोलीत.

"हे कसं झालं गो?"

"गाळणी तक्रारींवरून शिकते, काकी. लोकांना जे खटकतं, ते ती मऊ करते."

"आणि बॉयलरवरचा दाजी? तो तर दिवसभर आयमाय काढतो!"

अनुप्रितानं पडद्यावर तक्रारींची नोंद उघडली. "त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. त्याचं तसंच जातं. तुमच्याविरुद्ध एकशे बारा. निम्म्या बायकांच्याच."

"मग काढते हा मणी."

"काढलात तर नियमानं पद जाईल. आणि लोक खरं काय बोलतात, तेही ऐकू येईल."

भागीरथीनं मणी काढून टेबलावर आपटला. दाराबाहेरून एका कामगाराचा आवाज आला, "ही भवानी डोक्यावर बसवली, म्हणून बाईचा हात गेला."

"ऐकलंस?" भागीरथी म्हणाली. "मनं आहेत तिथंच आहेत. त्यांचं मी बघून घेईन, माझी जीभ अजून शाबूत आहे. पण चंद्रकलेचा हात तू भाजलास, अनुप्रिता. पद ठेव तुझ्याकडे. आत्ता ऊठ, तिच्या उशाशी जा, आणि हे तिला तुझ्या तोंडानं सांग. एक शब्दही मऊ न करता."