न दमता हरलेली मोटर

बोट हरली, यात नवल काहीच नव्हतं. शर्यतीत कुणीतरी हरतंच. नवल हे होतं, की हरताना मोटर दमलेली नव्हती, बॅटरी जवळजवळ भरलेली होती आणि निम्मी ताकद तर मोटरनं वापरलीच नव्हती! मग ती हरली कशी?

साल होतं २०४३. शिवसागर जलाशयाच्या काठावर आंबेटेक नावाचं गाव होतं, आणि तिथल्या हौशी नौका मंडळावर मोठं संकट आलं होतं. बोटीच्या पाठीला लावायची त्यांची जुनी दोन-स्ट्रोक इंजिनं (पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारी, हलकी पण धुरकट इंजिनं) आता कुठंच बनत नव्हती. सुटे भाग मिळत नव्हते आणि जळकं तेल पिण्याच्या पाण्यात उतरत होतं. कमी धुराचं चार-स्ट्रोक इंजिन लावून बघितलं, तर ते इतकं जड निघालं की छोट्या बोटीचं बूड पाण्यात आणि नाक आभाळात! उरली होती विजेवरची मोटर. रविवारी संध्याकाळी मंडळाची बैठक होती. तोवर नवं इंजिन ठरलं नाही, तर शर्यती कायमच्या बंद होणार होत्या.

मंजिरी उत्तेकरला म्हणूनच चैन पडत नव्हतं. चौदा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय शर्यतीत उतरता येत नसे, आणि तिचं चौदावं आत्ताच सरलं होतं. इतकी वर्षं काठावर उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि आता आपली पाळी आली तर शर्यतच नाही! तिला रडूच येत होतं.

शनिवारच्या चाचणीत विजेची बोट तिनंच चालवली होती. जुन्या इंजिनाची बोट तिच्या आजोबांकडं, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष तात्या उत्तेकर यांच्याकडं होती. सुटताना मंजिरी पुढं होती. पण पहिल्या वळणानंतर तात्या तिच्या शेजारून धूर सोडत निघून गेले.

"बघितलंस?" धक्क्यावर उतरत तात्या म्हणाले. "इजंवरची मोटर म्हंजे लग्नातली घोडी. नाचाय बरी, पळाय न्हाई."

"पण तात्या, सुटताना तीच पुढं होती की!"

"सुटताना ससाबी पुढंच असतोय."

तात्या गेल्यावर मंजिरी टिटवीकडं वळली. टिटवी म्हणजे मंडळाचा पाण्यावर तरंगणारा, घागरीएवढा रोबो. वेग, वजन, वीज, सगळं ती मोजायची. पण विचारलं तेवढंच सांगायची. खवचटपणात तिचा हात कुणी धरला नसता.

"टिटवे, मोटर दमली होती का?"

"नाही."

"मग तिनं पूर्ण जोर का लावला नाही?"

"जोर लावण्याजोगं तिला काही मिळतच नव्हतं."

"हे काय उत्तर झालं?"

"अचूक उत्तर झालं," टिटवी म्हणाली.

चिडून मंजिरीनं सायकल काढली आणि घराची वाट धरली. धक्क्यावरून गावात जाताना चढ लागतो, म्हणून तिनं हलका गिअर टाकला. चढ संपला, सपाट रस्ता आला, पण रागाच्या भरात ती गिअर बदलायला विसरली. पाय भराभर फिरत होते आणि सायकल मात्र रेंगाळत होती. पायांना जोर लागतच नव्हता! शेजारून शाळेतली एक पोरगी आरामात पुढं निघून गेली.

मंजिरीनं करकचून ब्रेक दाबला, सायकल वळवली आणि थेट धक्का गाठला.

"टिटवे! मोटरचा गिअर चुकलाय!"

"बोटीला गिअर म्हणजे काय?" टिटवीनं विचारलं. पण तिचे डोळे हिरवे झाले होते. खूश झाली की ती तशीच करायची.

"पंखा! पाण्यातला पंखा!"

"शाब्बास. आता ऐक. लाकडात स्क्रू पिळताना तो दर फेऱ्याला थोडा आत जातो ना? पंखाही पाण्यात तसाच पुढं सरकतो. एका फेऱ्यात तो जितका सरकेल, त्या अंतराला पिच म्हणतात. जुन्या इंजिनाचा पंखा मिनिटाला अडीच हजार फेरे मारतो आणि त्याचं पिच तीस सेंटिमीटर आहे. कर गुणाकार."

"मिनिटाला साडेसातशे मीटर. म्हणजे तासाला पंचेचाळीस किलोमीटर."

"पाणी लाकडासारखं घट्ट नसतं, पंखा त्यात थोडा घसरतो, म्हणून खरा वेग जरा कमी. आता मोटर. तिचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) मोठा, पण तिचा पंखा मिनिटाला दीड हजारच फेरे मारतो. आणि आज तिला लावला होता, तो पंखाही तीस सेंटिमीटरचाच. मग?"

"तासाला सत्तावीस!" मंजिरी ओरडली. "त्याच्या पुढं ती जाणारच नाही, कितीही ताकद असली तरी! तिला पन्नासचं पिच हवं. मग पुन्हा पंचेचाळीस! पण असा पंखा आणायचा कुठून?"

"मोटरच्या खोक्यात आहे. कुणी उघडलंच नाही."

का उघडलं नाही, हे मंजिरीला ठाऊक होतं. मंडळाची पहिली शर्यत तात्यांनी पितळेच्या ज्या पंख्यावर जिंकली, तो मंडळाचा मानाचा पंखा होता. कुठलंही नवं इंजिन आलं की नारळ फोडून पहिली चाचणी त्याच पंख्यावर घ्यायची, असा रिवाज. या मोटरच्या दांड्यावर तो बसेना, तर तात्यांनी साताऱ्याहून पंख्याला नवी खोबण पाडून आणली होती, पण बसवला तोच!

त्या संध्याकाळी तिनं भीत भीत विषय काढला, तशा तात्यांच्या भुवया चढल्या.

"मानाचा पंखा काढायचा? आगं, त्यो हाय म्हून मंडळ हाय!"

"तात्या, तुमच्या वहाणा घालून मला पळायला लावलंत, तर मी पडेन का नाही? वहाणा वाईट नाहीत. पण त्यांचं माप माझं नाही. तसंच आहे हे. एक संधी द्या. नाहीतर उद्या मंडळच राहणार नाही, मग मान कुणाला द्यायचा?"

तात्यांच्या भुवया हळूहळू खाली आल्या. नातीचं म्हणणं त्यांना लागलं होतं.

"उद्या सकाळी," ते शेवटी म्हणाले. "एकदाच. आन् म्या काय तुला सोडणार न्हाई, आधीच सांगतो."

त्यांनी खरंच सोडलं नाही. शिटी वाजली आणि जुनं इंजिन कानठळ्या बसवत सुटलं. पण मंजिरीची बोट झपकन उचलली गेली, पाण्याच्या वर येऊन नुसती सपसप सरकू लागली. पहिलं वळण आलं. आता मागं पडणार, म्हणून काठावरच्या लोकांनी माना उंचावल्या. पण बोट पळतच राहिली! सगळी ताकद या वेळी पंख्यामार्फत पाण्याला पोचत होती. शेवटच्या वळणातून बाहेर पडताना मोटरनं जोर दाखवला आणि मंजिरी तीन बोटींच्या लांबीनं पुढं आली. जिंकली! टिटवी आनंदानं गोल गोल फिरत होती.

संध्याकाळच्या बैठकीत चिटणीस सरूताईंनी शंका काढली, "लांबच्या पल्ल्याला टिकंल का ही?"

"नाही," टिटवी म्हणाली. "किलोभर बॅटरीपेक्षा किलोभर पेट्रोलमध्ये कितीतरी पट ऊर्जा साठवलेली असते. दिवसभर हिंडायचं तर बॅटरी फार जड होईल. पण तुमची शर्यत पाच-दहा मिनिटांची. तिला छोटी बॅटरी पुरते. सगळ्यांत भारी इंजिन कुठलं, असं विचारू नका. आपल्या कामाला कुठलं बसतं, ते विचारा."

"आणि शर्यतीचा नवा वर्ग काढू. सगळ्यांना एकसारखी मोटर, एकसारखा पंखा," मंजिरी म्हणाली. "मग ज्याचा हात चांगला, तो जिंकेल."

सगळे हात वर झाले. सगळ्यांत आधी तात्यांचा. वर ते म्हणाले, "नव्या वर्गात पयलं नाव माजं लिवा."

"तात्या, या वयात?" सरूताई हसल्या.

"हौशी वर्ग हाय न्हवं? मग हौस बघा की, वय काय बघताय!"

दिवाळीनंतर नव्या वर्गाची पहिली शर्यत झाली. अकरा बोटी पाणी कापत निघाल्या. पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता, हवेत धूर नव्हता. पुढं कधीतरी बॅटऱ्या हलक्या होतील, बोटी पाण्याखाली पसरलेल्या, विमानासारख्या पंखांवर तोलून अधांतरी पळतील, असं टिटवी काठावरच्या पोरांना सांगत होती. पण तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. इंजिनांचा गोंगाट गेल्यामुळं चालवणाऱ्यांचं ओरडणं काठावर पहिल्यांदाच ऐकू येत होतं. त्यात सगळ्यांत मोठा आवाज तात्यांचा होता. ते सातवे होते, आणि सगळ्यांच्या पुढं गेलेल्या नातीला बेंबीच्या देठापासून ओरडून सांगत होते, "मंजे, मागं बघू नगंस! पळव!"