लाल खुणेपर्यंत

दादाराव तायडे पुलांचे इंजिनिअर. दुसऱ्यांनी केलेली गणितं तपासायची आणि खाली सही करायची, यात त्यांचा जन्म गेला. ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागातल्या त्यांच्या घरी चहातली साखरसुद्धा अंदाजाने पडत नसे. असा माणूस साठीला टेकल्यावर काउबॉयची हॅट घालून शनिवारी नेमबाजीला जातो, हे कळल्यावर तिथल्या मराठी मंडळातले लोक आधी पोट धरून हसले आणि मग सरावले.

हा नाद त्यांना लावला यतीनने. यतीन चाळिशीचा, अकोल्याचा, एका सॉफ्टवेअर कंपनीतला. ऑकलंडच्या पश्चिमेला, मानुकाच्या झुडपांनी वेढलेल्या एका दरीत क्लबचं मैदान होतं. बंदुकीच्या काळ्या दारूची, जुन्या घाटाची रिव्हॉल्व्हरं घेऊन तिथे लोखंडी पाट्यांवर नेम धरायचा. प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं असा तिथला रिवाज. यतीन झाला ‘अकोला किड’, आणि दादारावांना त्याने परस्पर ‘जज’ करून टाकलं.

वरून पोरखेळ वाटला तरी नियम कडक होते. सिलिंडरला सहा घरं असतात, भरायची पाचच. मोजून दारू, तिच्यावर शिशाची गोळी, गोळीवर चरबीचा लेप, म्हणजे एका घरातली ठिणगी शेजारी शिरत नाही. सहावं घर रिकामं ठेवून मागून आपटणारा घोडा त्यावर टेकवायचा. मागच्या बाजूला दारू पेटवणाऱ्या तांब्याच्या टोप्या बसवायच्या त्या टेबलाशी उभं राहून, नळी समोर ठेवूनच.

खेळ झाला की शेवटच्या टेबलाशी यायचं. तिथे दादाराव उभे असत. उरलेल्या टोप्या काढायला लावून ते नळीतून एक लाकडी काडी आत सोडत, सिलिंडर फिरवत एकेका घरात. काडीवर लाल खूण होती. घर रिकामं असेल तर ती खुणेपर्यंत आत जाते, भरलेलं असेल तर बोटभर आधी अडते. सहाही घरं झाली की दादाराव मोठ्याने म्हणत, ‘क्लिअर’. ते ऐकल्याशिवाय टेबल सोडायची मुभा कोणालाच नव्हती, क्लबच्या अध्यक्षाला, ग्रेगलाही नाही.

मागच्या एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम शनिवारी ठेवला होता, चार वाजता, कम्युनिटी हॉलमध्ये. दादाराव मंडळाचे अध्यक्ष. यतीनकडे माइक आणि खुर्च्या. नेमका यतीनचा नंबर शेवटी लागला. बारांच्या धुरात एक टोपी पेटलीच नाही, हे ना त्याला कळलं ना बार मोजणाऱ्याला. तो टेबलाशी आला, रिव्हॉल्व्हर पुढे धरलं. दादारावांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन.

“ठेव रे आता, लोक येऊन बसले असतील,” ते म्हणाले, आणि काडी खिशात टाकून त्याच्या पाठीवर थाप मारली.

यतीन क्षणभर घुटमळला. पण दादा म्हणतात म्हणजे झालंच, असं मानणारा तो. रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवून गाडीत बसला. सीटबेल्ट लावायचा त्याला कायम कंटाळा. गाडी टिंग टिंग करत फाटकापर्यंत जायची आणि तिथे कुठे तो बेल्ट ओढायचा. त्या दिवशीही तसाच गेला.

कार्यक्रम झोकात झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी यतीन गॅरेजमध्ये साबणाचं गरम पाणी घेऊन रिव्हॉल्व्हर धुवायला बसला. सुलेखा, त्याची बायको, आत पोहे करत होती. तिला एकच आवाज ऐकू आला.

पोलिसांनी दादारावांना विचारलं, तपासलं होतं का? दादाराव म्हणाले, हो, रिकामं होतं.

एवढंच वाक्य, पण त्याच्या पोटात दुसरं वाक्य होतं. मैदानावर रिकामं होतं, म्हणजे यतीनने घरी भरलं. रविवारी सकाळी, एकट्याने, गॅरेजमध्ये माणूस रिव्हॉल्व्हर कशाला भरतो? उघड कोणी बोललं नाही. मनात सगळ्यांनी आणलं. दादारावांना ते दिसत होतं, तरी त्यांनी आपलं वाक्य बदललं नाही. लाज वाटत होती, इतकी की आरशात बघून दाढी करवत नव्हती.

पुढच्या महिन्यात एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. टेबलासमोर रांग लागली की पहिला माणूस टेबलाला चिकटून उभा राहत नसे. मध्ये एका माणसाएवढी जागा सुटलेली असायची. दादाराव हात करून पुढे बोलवायचे, माणूस पुढे यायचा, आणि मागचा पुन्हा तेवढीच जागा सोडून थांबायचा. एकदा त्यांनी ग्रेगला विचारलं. ग्रेगने रांगेकडे पाहिलं, खांदे उडवले. सगळे शिस्तीत आहेत, स्वीट ॲज, एकदम झकास, म्हणाला. पण तोही जागा सोडूनच उभा होता.

मग हिवाळ्यात काडी अडायला लागली. फक्त दिवसातल्या शेवटच्या रिव्हॉल्व्हरला, फक्त एका घरात. बोटभर आधी थांबायची. टोप्या काढलेल्या, पाचही बार कानांनी मोजलेले. दादाराव काडी वर घेऊन पुन्हा सोडत, तेव्हा ती खुणेपर्यंत जाई. त्यांनी नवी काडी केली. तीही अडली.

वर्ष भरत आलं तेव्हा सुलेखा क्लबवर आली. पोलिसांनी परत केलेलं यतीनचं रिव्हॉल्व्हर क्लबच्या तिजोरीत होतं. ते नष्ट करायच्या कागदावर तिची सही हवी होती. वर्षात तिचे केस पांढरे झाले होते. सही झाल्यावर तिने एकदा बघू द्या म्हणून विचारलं.

दुपारची वेळ. मैदान रिकामं झालं होतं, झुडपात एक तुई पक्षी खाकरल्यासारखा ओरडत होता. ग्रेगने रिव्हॉल्व्हर शेवटच्या टेबलावर ठेवलं आणि पाट्या उतरवायला गेला. हातात द्यायच्या आधी तपासायचं, हा नियम. दादारावांनी काडी काढली.

पाच घरं. पाचदा खुणेपर्यंत.

सहाव्यात काडी अडली.

त्यांनी सिलिंडर बाहेर काढून उजेडासमोर धरला. टोपी बसवायचं मागचं छिद्र ग्रेगने आधीच मोकळं केलेलं होतं. सहाव्या घरातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. त्यांनी त्यात काडी सोडली. ती त्याच जागी, मोकळ्या हवेवर, उभी राहिली.

सुलेखा टेबलापासून एका माणसाएवढी जागा सोडून उभी होती.

“मी तपासलं नव्हतं,” दादाराव म्हणाले.

तिने काडीवरची नजर त्यांच्याकडे वळवली.

“त्या दिवशी मी काडी घातलीच नाही. कार्यक्रमाची घाई होती. पोलिसांना खोटं सांगितलं. एक बार आत राहिला असणार. यतीनने घरी काही भरलं नाही, सुलेखा. तो नुसता धुवायला बसला होता.”

तिने हात लांबवून टेबलाची कड धरली.

“वर्षभर मी आठवत बसले, दादा. मी काय बोलले होते त्या सकाळी. पोह्यांवरून बोलले होते थोडं. मला वाटलं, त्यावरून...”

दादाराव रडत होते. पोलिसांना सोमवारी लिहून देतो, म्हणाले. तिने मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही.

टक्, असा बारीक आवाज झाला. काडी लाल खुणेपर्यंत उतरली होती.

त्यांनी डोळे पुसले. टेबलासमोरच्या रिकाम्या जागेकडे बघून, वर्षामागे म्हणायचं राहिलेलं, मोठ्याने म्हटलं.

“क्लिअर.”

सुलेखा गाडीकडे गेली. यतीनचीच गाडी. पर्स मागच्या सीटवर टाकून ती बसली, बेल्ट ओढून लावला, गाडी सुरू केली. गाडी टिंग टिंग करायला लागली. तिने आपला बेल्ट चाचपला. लागलेला होता. मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून हळू निघाली.

दादाराव टेबलाशी उभे राहून ऐकत होते. फाटकापाशी आवाज थांबला.