पडद्याआड सांगणारी

शपथेवर सांगतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे पाहिलं कुठे, मध्ये हिरवा पडदा होता. ऐकलं. पण कान तर माझेच होते ना!

मे महिन्याची दुपार. डिंकाचे लाडू घेऊन उमरेडच्या बसने आलो, मनीषनगरातल्या त्या छोट्या प्रसूतिगृहात पोचलो. लेक भूमिका नुकतीच बाळंत झाली होती. नर्सने नात माझ्या मांडीवर ठेवली अन् आत पळाली. भूमिकाचं रक्त थांबत नव्हतं. फिनाईलच्या वासात हळूहळू दुसराच वास मिसळला, ओल्या लोखंडासारखा. पोर रडायला लागली.

तेवढ्यात आतून एका म्हातारीचा आवाज आला. संथ. गावाकडचा.

"भेऊ नको वं. आता पोट चोळतीन... दुखन."

"बाळ कुठे आहे?" हा भूमिकाचा.

"बाहीर. तुह्या बापाच्या मांडीवर. जीभ काढून दाखवून राहिला तिले."

मी जीभ आत घेतली.

"पाह्य, घेतली आत. येडाच हाय."

अंगावर काटा आला. पडदा जाड, पार जमिनीपर्यंत.

"एवढं का दाबतात गं?"

"पिशवी आवळाले पायजे म्हणून. आता आत फुगा फुगवून रक्त दाबतीन. तरी नाही थांबलं, त पिशवीच काढा लागन... काय सांगू त्यायले?"

भूमिका म्हणाली,

"पिशवी राहिली तर बरं... पण आधी मला वाचवा. मला तिला पाजायचंय."

मग नुसता भांड्यांचा आवाज. मी देव आठवायला बसलो तर एकाचंही नाव आठवेना.

शेवटी डॉक्टरीणबाई हातमोजे काढत बाहेर आल्या. "थांबलं, काका. पिशवीही वाचली."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "त्या म्हातारीबाईंचे पाय धरतो."

"कोण म्हातारी? बोलत होती ती भूमिकाच. स्वतःच विचारायची, स्वतःच उत्तर द्यायची. आम्ही हात लावायच्या आधी सांगायची, काय करणार ते."

आत गेलो. भूमिका पांढरी पडलेली, पण हसत होती. "बाबा, म्हातारी गेली का हो? सगळं सांगत होती, म्हणून भीती नाही वाटली. चहा तरी पाजायचा होता तिला."

आता यातलं खोटं सांगून टाकतो. पोर रडली म्हणालो ना, ते. ती रडलीच नाही. पडद्याकडे तोंड करून पडली होती, अन् म्हातारीच्या प्रत्येक वाक्याला हुंकार देत होती.