जन्मरेषा

कांदा काढून मोकळ्या झालेल्या रानात म्हाकू धनगराची मेंढरं बसवली होती. रानाच्या मालकाला लेंडीखत मिळत होतं आणि मेंढरांना कांद्याची पात. बांधाला लागून सरकारची पांढरी गाडी उभी होती. गाडीतल्या खुर्चीत म्हाकूची धाकटी नात, चार वर्षांची झुंबर, तोंड वासून बसली होती.

"आणखी मोठा आ कर, झुंबर. वाघ करतो तसा," नाझनीन म्हणाली. भटक्या कुटुंबांतल्या मुलांची जन्मनोंद करत ती या गाडीतून गावोगाव फिरायची. तिच्या हातात पेनाएवढं एक यंत्र होतं. त्याला दंतवाचक म्हणत.

"आमी तरी दुसरं काय करतो?" बाहेरून म्हाकू म्हणाला. "मेंढी घेताना जबडा उघडून दात बघायचं, वय कळतं. दोन दाती, चार दाती. तुमी आता माणसांच्या पोरांचं सुरू केलंय."

"मग बाबा, तुम्हीच बसा की इथं."

"नगं. माझ्या तोंडात दोनच राहिल्यात. तुमचं यंत्र मला कोकरू समजायचं."

सगळे हसले. झुंबरची मोठी बहीण कस्तुरी तेवढी हसली नाही. ती गाडीच्या दाराला टेकून उभी होती.

आजवर सगळ्या बिऱ्हाडात जन्मदाखला एकट्या कस्तुरीकडे होता. ती सरकारी दवाखान्यात जन्मली होती, आणि तेव्हा दवाखान्यात पेढे वाटले होते, असं सगळे सांगत. बाकीची पोरं वाटेत, घाटात, कुणाच्या तरी रानात झालेली. "मी कागदाची हाय," असं ती चुलत भावंडांना बजावत असे. त्या कागदावरच तिला वसतिशाळेत जागा मिळाली होती. सुट्टीत ती बिऱ्हाडावर यायची, तेव्हा सगळे तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायचे. आज सगळे झुंबरकडे बघत होते.

"तारीख कशी कळते दातावरनं?" तिनं जरा फणकाऱ्यानंच विचारलं.

नाझनीननं पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर दाताचं मोठं चित्र होतं, बारीक बारीक रेषांनी भरलेलं. "झाडाच्या बुंध्यात दरवर्षी एक कडं वाढतं ना? तसा दात घडताना त्यावर रोज एक पापुद्रा चढतो. बाळ पोटात असतं तेव्हापासून. जन्माच्या दिवशी बाळाला मोठा धक्का बसतो. उबेतून ते एकदम बाहेर येतं. त्या दिवसाचा पापुद्रा गडद उमटतो. ही बघ, ही जन्मरेषा."

"पण तारीख?"

"थंडीची लाट, उन्हाचा कडाका, ताप, सगळ्याच्या खुणा राहतात. हवामानाच्या जुन्या नोंदींशी त्या जुळवायच्या. आणि आई ज्या मुलखाचं पाणी प्यायली, त्यातल्या क्षारांवरून ठिकाण."

यंत्र किणकिणलं. नाझनीन वाचू लागली. झुंबर माघ महिन्यात जन्मली होती, कृष्णेच्या खोऱ्यात. त्याच्या आधी काही आठवडे तिच्या आईला ताप येत होता.

"अगं बया!" मुलींची आई हौसा तोंडावर हात ठेवून म्हणाली. "खरंच की! वढ्याकाठी झाली ही. घोड्यावरचं वझं उतरवायलाबी सवड दिली न्हाय हिनं." तिनं झुंबरला उचललं आणि तिचे पटापट मुके घेतले.

कस्तुरीनं तोंड फिरवलं. तिच्या दाखल्यावर एक तारीख होती, एक शिक्का होता. तिथं ओढा नव्हता, घोडा नव्हता. आणि ती तारीख वाचून आईनं कधी तिचा मुका घेतला नव्हता.

गाडीच्या दारावर एक फलक होता. जगातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी किती जणांची नोंद झाली, तो आकडा त्यावर दिसत असे. त्या दिवशी तो शहाऐंशी होता. नाझनीन त्याकडे बोट दाखवून झुंबरला म्हणाली, "तू एकटी हा आकडा हलवू शकत नाहीस. पण तुझ्यासारख्या लाखो जणी आल्या की तो हलतो."

"मी बी त्यात हाय का?" कस्तुरीनं विचारलं.

"तू आधीच मोजली गेलीस."

"तरी माझा दात बघा."

"तुला कशाला?" हौसा एकदम म्हणाली. "तुझा कागद हाय की."

"झुंबरीचं सगळं कळलं, आणि माझं?"

"काय बी कळायचं न्हाय. चल हिकडं."

तेवढ्यात वाघुरीच्या जाळीतून कोकरांचा ओरडा उठला. हौसा झुंबरला कडेवर घेऊन त्यांना दूध प्यायला मेंढ्यांकडे सोडायला धावली. कस्तुरी झटकन खुर्चीत चढून बसली.

"बघा ना, ताई. नुसतं बघा."

नाझनीनला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं दंतवाचक कस्तुरीच्या दाढेवर फिरवला. पुढचे दोन दात नुकतेच पडलेले बघून ती क्षणभर थबकली. "कितवीत आहेस?"

"चौथीत. नऊ पुरी झाली. सगळ्यांत बुटकी मीच. बाई म्हणतात, तू जेवत न्हाईस."

यंत्र किणकिणलं. नाझनीननं पडद्याकडे पाहिलं, मग पडदा पुसून पुन्हा पाहिलं. दुसरी दाढ तपासली. उत्तर तेच आलं.

"काय झालं?"

"तू सात वर्षांची आहेस," नाझनीन सावकाश म्हणाली. "आणि तुझ्या जुन्या नोंदीत गाव आहे ते घाटावरचं. तुझा जन्म घाटाच्या खाली झालाय, कोकणात."

कस्तुरीनं वळून पाहिलं. दारात आई उभी होती. नाझनीनचं बोलणं तिनं ऐकलं होतं. तिनं झुंबरला खाली ठेवलं आणि स्वतःही तिथंच बसली.

"तो कागद थोरलीचा हाय," हौसा म्हणाली. "तीबी कस्तुरीच. दवाखान्यात झाली. दीड वर्साची असताना वाटंत ताप आला न् गेली. घाटाच्या पायथ्याला मातीत ठेवली तिला. मग तू झालीस. दाखल्यासाठी कुठं थांबायचं? मेंढरं एका जागी ऱ्हात न्हाईत. मामंजी म्हणाले, कागद हाय, नाव हाय, वाया कशाला घालवायचं?"

म्हाकू मान खाली घालून उभा होता.

"दवाखान्यातनं पेढं वाटल्यालं," कस्तुरीनं विचारलं, "ते कुणाचं?"

"तिचं."

"ती तारीख?"

"तिचीच."

आता कस्तुरीला झुंबरचा राग येत नव्हता. जिला तिनं कधी पाहिलंच नव्हतं, तिच्यावर ती जळत होती. दवाखाना तिचा, पेढे तिचे, नावसुद्धा तिचं. नऊ वर्षं पुरी झालेली मुलगी तीच होती. आपण नुसत्या तिच्या जागेवर उभ्या होतो.

नाझनीन खुर्चीजवळ उकिडवी बसली. "हे अजून वर, सरकारदरबारी गेलेलं नाही. मी पुसलं तर सगळं आहे तसं राहील, वर्गही तोच राहील. नोंद करायची तर आधी थोरलीचा मृत्यू लिहावा लागेल. त्याशिवाय यंत्र तुला घेणार नाही. शाळेत दोन वर्ग खाली बसवतील, त्याबद्दल मी बोलून बघेन. पण शब्द देत नाही."

"थोरलीचं तसलं काय लिहू नगा," हौसा कळवळून म्हणाली. "कागदात तरी हाय ती. दरसाल वाढतीय."

नाझनीनची नजर फलकाकडे गेली. त्या शहाऐंशींपैकी किती जण दुसऱ्या कुणाच्या जागी मोजले गेले असतील?

कस्तुरीला वर्गातला आपला बाक आठवला. तिनं आईकडे पाहिलं. आई तिच्याकडे बघत नव्हती. ती दूर घाटाच्या बाजूला बघत होती.

"लिहा," कस्तुरी म्हणाली.

नाझनीननं हौसाकडे पाहिलं. शेवटी म्हाकूनं सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि हौसानं मान हलवली. नाझनीननं थोरलीची नोंद पुरी केली. पडद्यावर नवं, कोरं पान उघडलं. आईचं नाव भरलं, बापाचं भरलं, जन्मरेषेवरून तारीख आपोआप उमटली.

"आता तुझं नाव सांग."

मुलीनं तोंड उघडलं आणि मिटलं. ती खुर्चीतून उतरून हौसापुढं येऊन उभी राहिली.

"आये, कस्तुरे म्हणून तू हाक मारायचीस, ती कुणाला मारायचीस?"