शिल्लक एक

ही गोष्ट खरी आहे. बनवून सांगायची असती, तर मी तिच्यात स्वतःला जरा बरा माणूस केला असता.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला दुसरा मंगळवार. वेळ दुपारची, पावणेबारा. जागा विशाखापट्टणमचं मासेमारी बंदर, बोटमालकांच्या संघाची वायरलेसची खोली.

हो, दुपारची वेळ. भूत रात्रीच येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मासेमारीबंदीच्या दिवसांत एकदा आमच्या बंदरात येऊन बघावं. एप्रिलच्या मध्यापासून दोन महिने एकही बोट समुद्रात जात नाही. बर्फाचा कारखाना बंद, लिलावाचा ओरडा बंद. कावळेसुद्धा दुसरीकडे पोट भरायला जातात.

समुद्र रिकामा होता. एकही बोट बाहेर नव्हती. एवढं लक्षात ठेवा.

मी सिंहाद्री. शहरात कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो, पण मूळचा बंदरामागच्या कोळीवाड्यातलाच. वायरलेसच्या खोलीत एक सर्व्हर आहे. कुठल्याही बोटीने किनाऱ्याला हाक मारली, की ते बोलणं त्यात साठवलं जातं. त्यात चार डिस्क होत्या. चौथी आतून टकटक वाजायला लागली होती. ती कायमची काढायची होती.

काम सोपं, पण क्रमाने करावं लागतं. आधी सर्व्हरला सांगायचं, या डिस्कवर नवीन काही लिहू नकोस. मग तिच्यातली जुनी रेकॉर्डिंग बाकीच्या तिघींवर हलवायची. पडद्यावर शिल्लक आकडा दिसतो. तो शून्य झाला, की तिचं नाव सर्व्हरमधून खोडायचं आणि मगच ती उपसायची.

शून्याआधी उपसली, तर शिल्लक राहिलेलं कायमचं गेलं.

वायरलेस सांभाळणारे कोंडबाबू साठीचे, म्हणून सगळे मानाने गारू म्हणतात. मी कामाला बसलो तेव्हा ते दारात विडी ओढत होते.

"ए इंजिनियर, काढतोस ती डिस्कच ना? मागच्या वेळी तुझ्या दुकानातल्या पोराने पंखा काढून नेला होता."

"तुमचा पंखा तसाही फिरत नव्हता, गारू."

"फिरत नव्हता, पण दिसत तरी होता."

मी हसलो, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्या डिस्कवर काय होतं ते मला माहीत होतं.

त्याच्या सहा वर्षं आधीच्या वादळात माझ्या अक्काचा नवरा एल्लाजी सात जणांच्या बोटीवर होता. मी त्याला बावा म्हणायचो. तो मला बामर्दी, म्हणजे मेहुणा, म्हणायचा... मला बामर्दी म्हणणारा जगात तो एकटाच, कारण मला बहीणच एक. त्या दिवशी त्याने किनाऱ्याला हाक मारली, आणि बोलणं चालू असतानाच बंदरातली वीज गेली. पुढे बोट सापडली नाही की माणसं.

अक्का, पोलम्मा, मानायला तयारच नव्हती. बांगड्या तशाच, पायातली जोडवी तशीच. पंचांनी समजावलं तर म्हणाली, "प्रेत दाखवा, मग काढते." कोंडबाबू गारूंचा जेवणाचा डबा रोज तीच आणायची. डब्याचं निमित्त. अर्धा तास वायरलेसच्या सेटजवळ बसून जायची. ते शेवटचं रेकॉर्डिंग तिने कधी ऐकलं नव्हतं. पण ते आहे, एवढ्यावर ती जगत होती.

म्हणून ते नीट हलवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आकडा उतरत गेला. अडतीस हजार... नऊ हजार... चारशे... बारा...

एक.

आणि तिथेच थांबला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. शिल्लक एकच. मी उघडून पाहिलं. तारीख सहा वर्षांपूर्वीची, वादळाच्या दिवसाची. आणि पुढे लिहिलं होतं... चालू.

चालू रेकॉर्डिंग सर्व्हर हलवत नाही. ते संपायची वाट बघतो.

वीज गेली तेव्हा नीट बंद झालं नसेल, असं मी मनाशी म्हटलं. हाताने बंद करावं म्हणून लांबी पाहिली.

लांबी वाढत होती.

माझ्या डोळ्यांदेखत. एकेक सेकंद.

"गारू, सेट चालू आहे का?"

"कशाला चालू ठेवू? किनाऱ्यावर शेळ्या आहेत, त्या बोलणार का माझ्याशी?" त्यांनी कमरेला लावलेली सेटची किल्ली वाजवून दाखवली. "विडी संपली. आलोच." आणि ते गेले.

खोलीत मी एकटा. सेट बंद. त्या डिस्कवर काही लिहू नकोस, असं तासाभरापूर्वी मीच सांगितलेलं. मग तिच्यावर लिहीत कोण होतं?

मी हेडफोन लावला. बोलायचा माइक नसलेला, नुसता ऐकायचा.

आधी खरखर. मग पाणी... लाकडावर आपटणारं. मग माणसाचा श्वास.

"किनारा... किनारा... ऐकतंय का कोणी?"

आमच्या कोळीवाड्यात बोटीची हाक कोणी अधांतरी सोडत नाही. चुलीपुढची बाईसुद्धा हातातलं टाकून धावते. ती सवय रक्तात असते. डोकं चालायच्या आत माझी जीभ चालली.

"ऐकतोय. बोला."

रिकाम्या खोलीत बोललो मी. ऐकणारं कोणी नव्हतं.

खरखर थांबली...

"कोण? बामर्दी?"

मी हेडफोन कानांवर घट्ट दाबला.

"आवाज किती जाड झालाय रे तुझा. सर्दी झालीय का?"

तो गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो.

"बावा... कुठे आहेस?"

"तेच कळत नाही. तुम्ही दिवे का विझवलेत? इथं सगळं काळं आहे."

खिडकीबाहेर ऊन रटरटत होतं.

"बाकीचे?"

"आहेत. सहाही जण खेटून बसलेत. बोलत नाहीत. नुसते माझ्याकडे बघतात."

थोडा वेळ फक्त पाणी. मग तो म्हणाला, "पोलम्माला दे."

"ती इथं नाही, बावा."

"आहे की. पायऱ्या चढतेय पोलम्मा. सुक्या मासळीच्या आंबट पुलुसूचा वास येतोय."

मी वळून पाहिलं. दार रिकामं...

आणि जिन्यावर जोडव्यांचा आवाज आला.

"पोलम्माला एकदा 'ओ' द्यायला सांग. त्या रोखाने येतो. सगळेच येतो."

'सगळेच' हा शब्द एकट्या माणसाच्या तोंडचा नव्हता. त्यात खूप घसे होते.

असल्या हाकेला ओ देऊ नये, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण अक्काने दिली असती. सहा वर्षं ती त्याचसाठी बसली होती.

अक्का दारात आली. हातात डबा. माझं तोंड बघून थबकली.

"काय रे? कोण आहे?"

तिने डबा खाली ठेवला आणि हेडफोनसाठी हात पुढे केला. हेडफोनमध्ये आवाज आता अगदी जवळ आला होता. मला कळलं, तो माझ्याशी बोलत नव्हता.

"पोलम्मा..."

मी डिस्क उपसली.

शिल्लक एक असताना. नाव न खोडता. चालू असताना.

आवाज तुटला. तासभर चाललेली डिस्क हाताला गरम लागते. ही बर्फातल्या मासळीसारखी गार होती.

"कोण होतं?" अक्काने विचारलं.

"कोणी नाही. जुनं रेकॉर्डिंग."

"त्यांचं?"

मला नाही म्हणता आलं नाही. "हो."

"शेवटचं?"

"हो."

तिने माझ्या हातातल्या डिस्ककडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "माझं नाव घेतलं का?"

हो म्हटलं असतं, तर तिने ती डिस्क परत बसवायला लावली असती. आणि हाकेला ओ दिली असती.

"नाही," मी म्हणालो. "इंजिन, पाणी... असलंच काहीतरी बोलत होता."

अक्का वळली. डबा तिथेच ठेवून खाली उतरली. संध्याकाळी आमच्या मागल्या अंगणात बसून तिने जोडवी काढली. मग बांगड्या. आई रडायला लागली, तेव्हा अक्काच तिला म्हणाली, "मरताना बायको आठवली नाही त्या माणसाला. मी कोणासाठी बसू?"

ती डिस्क माझ्या कपाटात आहे, टॉवेलात गुंडाळलेली. जोडून बघायची छाती नाही. फोडायचीही नाही. माझ्यासारखंच काम करणाऱ्या दोघांना विचारलं. एक म्हणाला, डिस्क खराब होती, आकडा चुकला असेल. दुसरा म्हणाला, तू जेवला नव्हतास. असेल तसंच. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

मला भीती वाटते ती वेगळीच. मी अक्काला वाचवलं, की दिशा विचारणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा बुडवलं, हे मला आजही कळत नाही.

अक्का आता सुक्या मासळीच्या शेडमध्ये कामाला जाते. बायकांत बसून हसते. सेटजवळ फिरकत नाही. सगळे म्हणतात, पोलम्मा सावरली, बरं झालं. मीही मान डोलावतो.

त्याने तिचं नाव चार वेळा घेतलं होतं.