अंगठ्याजवळचं बटण

लिफ्ट बंद होती, एवढंच निमित्त झालं.

भाची गिटार पाठीला अडकवून जिना चढत होती आणि तो छातीशी स्पीकरचं भलंमोठं खोकं कवटाळून, पायाखाली पायरी असेलच अशा श्रद्धेनं उतरत होता. वळणावर दोघं एकमेकांवर आदळली. तिला काही झालं नाही. त्याला काही झालं नाही. खोक्यावर तर ओरखडासुद्धा उठला नाही. फक्त तिच्या पाठीवरच्या पिशवीत 'कट्' असा एक लहानसा, सभ्य आवाज झाला.

"काय आहे आत?" त्यानं खोक्याआडून विचारलं.

"गिटार," ती म्हणाली. "म्हणजे... होती."

त्यानं खोकं खाली ठेवलं, पिशवीची चेन उघडली, गिटारीच्या मानेशी पडलेल्या तड्यावरून बोट फिरवलं आणि माफी मागायची सोडून म्हणाला, "वा! छान तुटलीय."

"काय?"

"म्हणजे — एका रेषेत. जोडली तर कळणारसुद्धा नाही. माझं दुकान खालीच आहे. वाद्यं दुरुस्त करतो मी."

"अच्छा! म्हणजे गिऱ्हाईक मिळवायची ही पद्धत आहे तुमची?"

"रोज नाही हो," तो गंभीरपणे म्हणाला. "आज लिफ्ट बंद होती म्हणून."

भाचीनं न हसायचं ठरवलं. ठरवेपर्यंत हसून झालं होतं.

भाची म्हणजे वरच्या मजल्यावरच्या गाणाऱ्या बाईंची भाची, लहानपणापासून आत्याकडेच वाढलेली. घरातल्या घरात तिघांचा बॅण्ड होता. आत्या गायची, आतोबा ड्रम वाजवायचे आणि भाची गिटार. निरोपसमारंभ, लग्नाचे वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं, जिथे माणसं जेवत असत तिथे ही मंडळी वाजवत असत. घरात एक अलिखित रीत होती : प्रेम करायचं आणि तक्रार बोलून दाखवायची. आतोबांचा ड्रम पुढे पळतो अशी आत्याची तक्रार लग्नाच्या आधीपासूनची होती. ती ऐकूनच आतोबांनी तिला मागणी घातली होती, आणि त्यांचा ड्रम अजूनही पुढेच पळत होता.

"मान मोडली? कुणी?" आत्यानं विचारलं.

"खालच्या दुरुस्तीवाल्यानं. तोच जोडून देणारेय. तोवर त्याची स्वतःची गिटार दिलीय वाजवायला."

"मानमोड्या मेला!" आत्या म्हणाली, आणि त्या घरात त्याचं बारसं झालं.

पण खरी मौज पुढेच होती. भाचीच्या गिटारीवर आवाजाचं बटण तारांच्या खाली, उजव्या करंगळीला सहज लागेल असं होतं. आत्या नाजूक ओळीला आली की वाजवता वाजवता करंगळीनं बटण किंचित फिरवायचं, ओळ सरली की पुन्हा मोठं करायचं. हे काम करंगळी इतकी वर्षं परस्पर करत आली होती. भाचीला त्यात विचारायची पद्धत नव्हती.

मानमोड्याच्या गिटारीवर त्या जागी होता आवाजाचा पोत बदलणारा एक खटका. आवाजाचं बटण तारांच्या वर, पार अंगठ्याच्या बाजूला. पहिल्याच तालमीत आत्या डोळे मिटून नाजूक ओळीवर उतरली, करंगळी सवयीनं कामाला निघाली, खटका पडला — आणि इतका वेळ कापसासारखी बोलणारी गिटार एकदम शेजारणीशी भांडायला बाहेर आल्यासारखी कडाडली.

आत्यानं डोळे उघडले. "ठमे," ती थंडपणे म्हणाली, "मी मरू का?"

भाची तरातरा जिना उतरून दुकानात गेली. आत गोंदाचा आणि वायरींना नुकत्याच दिलेल्या कथलाच्या डागाचा वास होता. छताला पोट काढलेली व्हायोलिनं टांगली होती. तो शीळ घालत एका मेंडोलिनच्या खुंट्या पिळत होता. शीळ बेसूर होती.

"ते बटण तिथे कुणी ठेवलं?"

"मी."

"का?"

त्यानं उजवा हात पुढे केला. करंगळी काठीसारखी ताठ. "लहानपणी दारात सापडली. वाकत नाही. म्हणून मग जिथे माझा हात पोचतो तिथे... अंगठा धडधाकट आहे ना." मग त्यानं विचारलं, "फार त्रास होतोय का?"

"खूप!" भाची म्हणाली आणि समोरच्या खुर्चीत बसली. "तुमची ही खुर्चीपण डुगडुगते."

त्या दिवसापासून ती रोज यायला लागली. कारण चोख होतं. हाताला वळण लावायला हवं, वरती आत्या सराव करू देत नाही, आणि दुकानात तर स्पीकर आयताच आहे. ती वाजवायची, तो काम करायचा. अधूनमधून ती तक्रार करायची — चहा कडू, शीळ बेसूर, बटण आडनिड्या जागी. तो "हं" म्हणायचा. तक्रार ही माया दाखवायची तिरकी तऱ्हा आहे हे तिला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक नाही याची तिला खात्री होती, त्यामुळे सगळं निर्धोक होतं.

हात हळूहळू शिकत होता. आधी अंगठा चुकून हवेत जायचा. मग बटणापर्यंत पोचायचा, पण सूर सोडून. मग एके दुपारी तो आपणहून वर गेला, आवाज अलगद खाली आला, आणि भाचीला जाणवलं, हा हात आता आपला उरलेला नाही. तो जिथे टेकत होता तिथे लाकूड आधीच गुळगुळीत झालेलं होतं, दुसऱ्याच कुणाच्या तळव्यानं. अंगठ्याला बटण सापडत होतं ते त्याच्या अंगठ्याच्या मापानं. तो कुठे थांबतो, कुठे घाई करत नाही, सगळं तिच्या बोटांना कळायला लागलं होतं. समोर बसलेला माणूस एवढा बोलत नसे.

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "हे बटण ना," ती घाईनं म्हणाली, "अगदीच गैरसोयीचं आहे."

"हं," तो म्हणाला.

इकडे मोडलेल्या मानेचा गोंद काही वाळत नव्हता.

"अजून नाही वाळला?" वरती आत्या विचारायची.

"दमट हवा आहे म्हणतो."

"कसला गोंद आहे गं? लोकांची घरं बांधून होतात तेवढ्यात!"

आतोबा वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "काही गोंद सावकाश धरतात," आणि पान उलटायचे.

मग एका डॉक्टर जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसाचं दुपारचं जेवण ठरलं. मोठा हॉल, मोठी माणसं. आत्यानं बजावलं, "आणि त्यानंतर त्याची गिटार त्याच्या हवाली कर. वाळला असेल नसेल, आपली घेऊन ये. फार झालं."

भाची "बरं" म्हणाली. पण मनात कुठेतरी पायरी चुकल्यासारखं झालं. गिटार परत दिली की मग त्या दुकानात जायचं कशासाठी? काहीतरी बोलायला हवं होतं. तिनं किंवा त्यानं. तिनं बोलायचं तर तिला तक्रारीखेरीज काही येत नव्हतं, आणि त्यानं बोलायचं तर... तो "हं" म्हणाला असता.

आदल्या दिवशी तो म्हणाला, "एक रात्र ठेवून जा. समारंभ आहे, तारा नव्या घालतो. सकाळी हॉलवर मीच आणून देईन."

आणि आणली. शिवाय एक थर्मासही आणला. चेहरा असा, की आतून कुणी दिवा लावलाय. "घालून बघा ना जरा... एकदा हात तर फिरवा—"

"ठमे, वर ये! माणसं बसली!" आत्या स्टेजवरून ओरडली. भाचीनं पट्टा गळ्यात घातला आणि ती पळाली.

पहिलं गाणं. सुपाचे वाडगे आले, चमचे वाजले. आत्या त्या नाजूक ओळीला आली. भाचीचा अंगठा शिकल्याप्रमाणे वर गेला — आणि नुसत्या लाकडावरून घसरला. बटण नव्हतं. तिथे एक सुबक गोल ठिगळ होतं, पॉलिश केलेलं. गिटार पूर्ण आवाजात आत्याच्या ओळीवर चालून गेली. गोंधळून भाचीनं खालचा खटका चाचपला, त्या जागी बटण हाताला लागलं, ते तिनं खटका समजून जोरात ढकललं, आणि आवाज पार बंद. उरले फक्त आतोबा, पुढे पळत.

मध्यंतरात पडद्यामागे ती त्याच्यावर तुटून पडली.

"बटण कुठे गेलं?"

"करंगळीशी आणलं! तुमच्या गिटारीवर असतं ना, तिथेच. आणि खटका मागे घेतला." त्याचा दिवा अजून पुरता विझला नव्हता. "तुम्हीच म्हणालात ना, गैरसोयीचं आहे."

"मी? कधी?"

"रोज!"

"अहो, मी रोज तर असंही म्हणते की तुमचा चहा कडू असतो!"

"साखर वाढवली," तो म्हणाला. "थर्मासात आहे."

"आणि शीळ—"

"सोडली."

"तरीच!" भाची किंचाळलीच. "तरीच मला दुकान सुनंसुनं वाटायला लागलं होतं! आणि ती खुर्ची?"

"पाय पक्का केला. परवाच." तो खरोखर गोंधळला होता. "माझ्याकडे लोक येतात ते तक्रार घेऊन येतात. तक्रार आली की दुरुस्त करायची. दुसरं काय करतात तक्रारीचं?"

"ऐकतात!"

"नुसती?"

"आमच्या घरी नुसतीच ऐकतात. आम्ही करतोच मुळी फक्त आपल्या..." ती थांबली. "म्हणजे जो माणूस आपल्याला... जाऊ दे. किती मुश्किलीनं शिकले होते मी ते बटण. मला तेच हवं होतं. तिथेच."

त्यानं खाली बघितलं. स्वतःच्या गिटारीचं लाकूड कुणी असं उगाच कोरत नाही, हे भाचीच्या आता कुठे ध्यानात येत होतं. करंगळी वाकत नसताना त्यानं बटण तिथे बसवलं होतं, जिथे त्याला ते कधीही फिरवता येणार नव्हतं. राग कुठे गेला तिला कळलं नाही.

"अहो..." ती म्हणाली.

"ठमे!" आत्यानं पडद्यातून डोकं काढलं. "आता जर गिटार माझ्यावर ओरडली ना, तर पुढच्या जेवणाला तू वाढायला! आणि ए मानमोड्या, तू तर तोंडच दाखवू नकोस."

"आता काय करू मी?" भाचीनं विचारलं. "हात तिकडेच जाणार."

त्यानं स्टेजवरच्या तिच्या स्पीकरकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू बटणाला हातच लावू नकोस. नुसती वाजव. आवाज मी मागून बघतो, स्पीकरवरून."

'तू' तिच्या कानात राहिलं. "पण तुम्हाला कळणार कसं, कधी कमी करायचा ते?"

"हळू वाजवायच्या आधी तुझा डावा खांदा जरासा वर जातो."

"हे कधी बघितलंत?"

"गोंद वाळत होता तेव्हा," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्या भागात तो स्पीकरमागे उकिडवा बसला, एक हात बटणावर, डोळे तिच्या खांद्यावर. आत्या नाजूक ओळीवर आली. भाची काहीच करत नव्हती, फक्त तिच्या मनात आलं, आणि गिटार पावलं न वाजवता बाजूला झाली. ओळ सरली, सूर पुन्हा भरून आला. भाचीनं मागे पाहिलं नाही. पाठीला ऊन लागावं तसं तिला कळत होतं, तो बघतोय. मग ती मुद्दाम वेडीवाकडी वाजवू लागली, मध्येच हळू, मध्येच मोठी, त्याला चकवायला. तो चकला नाही. आत्यानं एकदा संशयानं वळून पाहिलं. इतकी समजूतदार गिटार तिनं उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती.

शेवटचं गाणं आलं. शेवटच्या ओळीआधी आत्या श्वास घ्यायला थांबायची, तेवढ्यात गिटारीचा एक छोटा तुकडा असायचा. तो झाला की ओळ, ओळ झाली की टाळ्या, आणि मग सामान आवरणं, गिटार परत.

आत्यानं श्वास घेतला. भाचीनं तो तुकडा वाजवलाच नाही. तळवा तारांवर सपाट ठेवून ती मागे वळली.

"मी उद्या येणारेय," ती म्हणाली.

"हं... न्यायला ना?" तो म्हणाला. "तयार आहे तुझी. कधीचीच."

"माहितीये. गिटारीसाठी नाही."

"मग?"

"कशासाठीच नाही. नुसती येणारेय. तुझ्याकडे." आता ती थांबणार नव्हती. "मला तू आवडतोस. असाच. कुठेही हात लावायचा नाही."

शेजारीच आत्याचा माइक चालू होता. भिंतीवरच्या सगळ्या स्पीकरांनी हे शब्द मन लावून हॉलभर पोचवले. चमचे हवेत थांबले. घाबरून त्यानं हाताखालचं बटण थेट शून्यावर आणलं, पण गिटार वाजतच नव्हती. ज्या आवाजानं हॉल भरला होता, तो त्याच्या अखत्यारीतला नव्हता.

तो उठून उभा राहिला.

आत्यानं दोघांकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई डॉक्टरांचा हात धरून बसल्या होत्या.

"अरे, काहीतरी म्हणतेय ती तुला," आत्या म्हणाली, आज पहिल्यांदाच न ओरडता. "उत्तर दे बाबा. मी श्वास धरून उभी आहे."

"ये," तो म्हणाला. आणि मग, ऐकू गेलं नसेल असं वाटून, मोठ्यानं, "रोज ये. मला पण... रोज ये."

मग आत्यानं ओळ पुरी केली. साथीला गिटार नव्हती. ड्रमही नव्हता. आतोबा दोन्ही काठ्या मांडीवर ठेवून चष्मा पुसत होते.